विद्यार्थ्याचा वैताग ओळखणारा ट्यूटर: कॅमेरा आधी की लॉग आधी?

अवग्रह (धागाकर्ता)

गणित, भौतिकशास्त्र किंवा प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या संगणकीय ट्यूटरला विद्यार्थ्याच्या मनःस्थितीचं भान हवं, ही मागणी हल्ली नव्या प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत पुढे येते. मागणी रास्त आहे. पण काम बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी वेबकॅम, त्यावर चेहऱ्याचे भाव ओळखणारं तयार मॉडेल, मग पडद्यावर 'आनंद ०.७२, दुःख ०.११' असे आकडे, आणि सहा महिन्यांनी प्रश्न पडतो की या आकड्यांचं करायचं काय. म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच की क्रम उलटवा. ट्यूटर वेगळं काय करू शकतो ते आधी ठरवा. त्यासाठी कोणत्या अवस्था वेगळ्या कळायला हव्यात ते त्यावरून निघेल. त्या कशावरून ओळखायच्या, कॅमेऱ्यावरून की लॉगवरून (विद्यार्थ्याच्या प्रत्येक कृतीची वेळेसह नोंद), हा सगळ्यात शेवटचा प्रश्न.

तयार मॉडेलं बहुधा मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या सहा मूळ भावनांवर बेतलेली असतात: राग, भीती, किळस, आनंद, दुःख, आश्चर्य. अर्धा तास बीजगणित सोडवणाऱ्या मुलाला किळस येत नाही. त्याला येतो तो गोंधळ, वैताग आणि कंटाळा, आणि सगळं सुरळीत असेल तेव्हा असते ती मग्नता. रोझलिंड पिकार्ड यांनी १९९७ मध्ये 'अफेक्टिव्ह कॉम्प्युटिंग' (भावनांची दखल घेणारं संगणन) हे नाव रूढ केलं. त्यानंतर मेम्फिस विद्यापीठातल्या ऑटोट्यूटर या संवादातून शिकवणाऱ्या प्रणालीवर सिडनी डिमेलो आणि आर्ट ग्रेसर यांनी काम केलं आणि ही चौकडी ठळक झाली. त्यांनी २०१२ मध्ये मांडलेलं चक्र असं आहे: मग्न विद्यार्थ्याला अडथळा लागतो, त्यातून गोंधळ होतो. गोंधळ सुटला तर तो परत मग्न होतो. नाही सुटला तर वैतागतो, आणि वैताग लांबला की कंटाळतो.

या चक्रातली कळीची गोष्ट म्हणजे गोंधळाला दोन तोंडं आहेत. तो दिसताक्षणी ट्यूटर मदतीला धावला, तर शिकण्याची नेमकी जागाच हातची जाते. २०१४ च्या एका प्रयोगात पडद्यावरची दोन पात्रं, एक शिक्षक आणि एक सहाध्यायी, मुद्दाम परस्परविरोधी विधानं करत आणि कोण बरोबर ते विद्यार्थ्याला विचारलं जाई. ज्यांचा त्यातून खरोखर गोंधळ झाला, ते नंतरच्या चाचणीत, अनोळखी उदाहरणांतसुद्धा, सरस ठरले. म्हणजे ट्यूटरचा सर्वांत अवघड निर्णय 'मदत कशी करू' हा नसून 'अजून किती वेळ गप्प बसू' हा आहे.

आता कृती. गोंधळ असेल आणि विद्यार्थी हलतोय असं दिसत असेल, तर काही करू नये. गोंधळ अडून बसला असेल तर उत्तराकडे नेणारी हिंट न देता प्रश्न लहान करावा. वैताग असेल तर चूक कुठे आहे ते नेमकं दाखवावं आणि एक पायरी करून द्यावी. कंटाळा असेल तर आधी बघावं की उदाहरण फार सोपं झालंय की फार अवघड, कारण कंटाळा दोन्हीकडून येतो आणि उपाय एकदम विरुद्ध आहेत. मग्न असेल तर शाबासकीसुद्धा मध्ये आणू नये. एवढ्या चार-पाच कृतींसाठी जेवढं ओळखायला लागतं तेवढंच ओळखा. 'आश्चर्य' ओळखून ट्यूटर काहीच वेगळं करणार नसेल, तर तो डिटेक्टर बांधण्यात अर्थ नाही.

दिवाकण

मांडणी पटली. पण कॅमेरा पूर्ण मोडीत काढण्याआधी एक लक्षात घ्यावं. गोंधळात भुवया खाली ओढल्या जातात आणि पापण्या ताणल्या जातात, ही जोडी ऑटोट्यूटरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसली आहे. चेहऱ्याच्या स्नायूंच्या संकेतावलीत हे क्रमांक ४ आणि ७ आहेत. ओपनफेससारखं संशोधनासाठी मोफत असलेलं सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरून ते दर फ्रेमला मोजतं. मग 'आनंद-दुःख' सोडून थेट स्नायूंचे आकडे का घेऊ नयेत?

शून्यलब्धी

घेता येतात आणि तयार भावनांपेक्षा ते नक्कीच बरे. पण भुवई आक्रसणं हे गोंधळाचं लक्षण आहे, तसंच ते नुसत्या एकाग्रतेचंही आहे. बारीक अक्षरं वाचणारा, पडद्यावर उजेड पडल्यामुळे डोळे बारीक करणारा आणि गोंधळलेला, तिघांचा क्रमांक ४ वर चढतो. चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने काढता येत नाही, हा २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. संदर्भ बदलला की त्याच भावाचा अर्थ बदलतो.

प्रत्यक्ष अडचणी वेगळ्याच. विचार करणारा माणूस हात हनुवटीवर किंवा तोंडावर नेतो आणि नेमक्या त्याच क्षणी चेहरा हरवतो. कागदावर आकडेमोड करताना मान खाली जाते. त्यामुळे जो काळ सगळ्यात मोलाचा, त्याचाच डेटा गहाळ होतो. गहाळ फ्रेमना शून्य भरलं तर मॉडेल 'चेहरा नाही' यालाच एक भावना समजून शिकतं. गहाळ फ्रेमचं प्रमाण हे वेगळं फीचर (मॉडेलला पुरवायचं मोजमाप) म्हणून ठेवावं, आणि एका खिडकीतल्या, म्हणजे काही सेकंदांच्या तुकड्यातल्या, निम्म्याहून जास्त फ्रेम गहाळ असतील तर त्या खिडकीबद्दल बोलूच नये.

लॉग काय सांगतो ते एका उदाहरणावर दाखवतो. प्रश्न: ३/४ + १/६.

पहिला विद्यार्थी:
००:१४ उत्तर ४/१०, चूक
००:१७ उत्तर ४/१०, चूक
००:१८ हिंट १
००:२० हिंट २
००:२१ हिंट ३ (उत्तर सांगणारी)
००:२४ उत्तर ११/१२, बरोबर

दुसरा विद्यार्थी:
००:२२ उत्तर ४/१०, चूक
०१:०३ उत्तर ४/१२, चूक
०१:०९ हिंट १
०१:३७ टाइप १०/१२, खोडलं
०१:५२ उत्तर ११/१२, बरोबर

दोघांची पहिली चूक तीच आहे: अंशात अंश आणि छेदात छेद मिळवले. नेहमीच्या बेजियन ज्ञानमापनात (कौशल्य किती आलंय याचा उत्तरांवरून काढलेला अंदाज) पहिला प्रयत्नच धरला जातो, त्यामुळे दोघांच्या नावावर सारखीच 'चूक' पडते. पण दुसऱ्याची चूक ४/१० वरून ४/१२ वर सरकली. लसावि सापडला, अंश बदलायचे राहिले. पहिल्या चुकीनंतर त्याने ४१ सेकंद आणि हिंटनंतर २८ सेकंद घेतले. हा उपयोगी गोंधळ आहे, याला हात लावायचा नाही. पहिल्याने तेच चुकीचं उत्तर तीन सेकंदांत पुन्हा दिलं आणि तीन हिंट मिळून तीन सेकंदांत उलटल्या. त्या कोणी वाचलेल्या नाहीत. ही प्रणालीला चकवण्याची वागणूक आहे आणि रायन बेकर यांचं यावरचं काम २००४ पासूनचं आहे. कॅमेऱ्यात दोघेही भुवया आक्रसलेलेच दिसले असते.

कामाची फीचर्स साधीच असतात: चुकीनंतर पुढच्या कृतीपर्यंतचे सेकंद, त्या विद्यार्थ्याच्या आपल्या सरासरीशी त्याचं गुणोत्तर, लागोपाठच्या चुका सारख्या की बदलत्या, हिंट उघडी राहिल्याचा वेळ भागिले हिंटमधले शब्द, गेल्या पाच पायऱ्यांत शेवटच्या हिंटपर्यंत किती वेळा गेला, खोडण्याचं प्रमाण, ट्यूटरचं पान सोडून दुसरीकडे गेल्याची नोंद.

पाटीपेन्सिल

आणि ९० सेकंद काहीच घडलं नाही तर? मूल कागदावर सोडवतंय की खिडकीबाहेर बघतंय, हे लॉग कसं सांगणार? वर्गात शिकवणाऱ्याला ते एका नजरेत कळतं.

शून्यलब्धी

नाही सांगू शकत, आणि हीच लॉगची खरी मर्यादा आहे. दोन उपाय आहेत. एक म्हणजे कच्चं काम पडद्यावरच करता येईल अशी पाटी देणं, म्हणजे शांत काळातही खुणा उमटतात. दुसरा म्हणजे शांततेनंतरची पहिली कृती बघणं. लांब विरामानंतर बरोबर किंवा सुधारलेलं उत्तर आलं तर तो काळ कामाचा होता. लांब विरामानंतर थेट हिंट किंवा तेच जुनं उत्तर आलं तर नव्हता. निदान उशिरा होतं, पण चुकीच्या वेळी मध्ये तोंड घालण्यापेक्षा उशीर परवडतो.

सांख्यिक

धाग्यात अजून लेबलांचा विषय आला नाही. डिटेक्टर कोणताही असो, 'खरी अवस्था' कोणी सांगितली यावर सगळं अवलंबून आहे.

वर्गातल्या निरीक्षणाची रुळलेली पद्धत ब्रॉम्प या नावाने ओळखली जाते. निरीक्षक आधी ठरवलेल्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे तिरक्या नजरेने बघतो, जास्तीत जास्त २० सेकंद, आणि पहिली स्पष्ट दिसलेली अवस्था व वागणूक अशा दोन नोंदी करतो. काही लक्षवेधक घडलं म्हणून क्रम मोडायचा नाही. तो मोडला की वैतागाच्या नोंदी फुगतात, कारण वैताग लांबूनही नजरेत भरतो. प्रशिक्षित निरीक्षकाशी कप्पा (योगायोग वगळून मोजलेली सहमती) ०.६ किंवा त्याहून जास्त जुळल्याशिवाय नव्या निरीक्षकाच्या नोंदी वापरत नाहीत.

टक्केवारी का चालत नाही, ते बघा. १०० पैकी ८५ वेळा दोघांचं जुळलं. ऐकायला छान. पण दोघेही ८० टक्के वेळा 'मग्न' लिहीत असतील, तर केवळ योगायोगाने जुळण्याची शक्यता ०.८ × ०.८ + ०.२ × ०.२ = ०.६८. कप्पा = (०.८५ − ०.६८) / (१ − ०.६८) = ०.५३. म्हणजे नापास.

किती नोंदी लागतील याचाही हिशोब आधी करावा. ४० मिनिटांचा तास म्हणजे २४०० सेकंद. नोंद आणि पुढच्याकडे वळणं धरून २५ सेकंद लागले, तर एका तासात ९६ नोंदी. वर्गात ३० जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन. ३००० नोंदींसाठी एका निरीक्षकाला असे ३२ तास बसावं लागेल. त्यात वैताग ३ टक्के असेल तर उदाहरणं मिळाली फक्त ९०. एवढ्यावर खोल न्यूरल मॉडेल उभं करायला जाऊ नये. साधं लॉजिस्टिक किंवा निर्णयवृक्षांचा समूह पुरतो.

व्हिडिओ बघून नंतर लेबल लावण्यातही हाच असमतोल येतो. डेझी नावाच्या डेटासंचात ११२ व्यक्तींच्या १० सेकंदांच्या ९०६८ फिती आहेत, पण 'अगदी कमी सहभाग' असं लेबल लागलेल्या फिती एक टक्काही नाहीत. मॉडेलने प्रत्येक फितीला 'सहभाग चांगला' म्हटलं तरी अचूकता भरपूर दिसते.

आणि हा सर्वांत महत्त्वाचा आकडा. वैतागाचं प्रमाण ३ टक्के धरा, १००० खिडक्या घ्या. ३० खऱ्या वैतागाच्या. डिटेक्टर त्यातल्या ७० टक्के पकडतो, म्हणजे २१. वैताग नसलेल्या ९७० पैकी १० टक्क्यांवर खोटा इशारा देतो, म्हणजे ९७. एकूण इशारे ११८, खरे २१. म्हणजे शंभरातले अठरा. बाकीच्या ८२ वेळा ट्यूटर चांगलं काम चाललेल्या मुलाला 'तू वैतागलेला दिसतोस' असं सांगणार. लॉगवर चालणाऱ्या डिटेक्टरांचा एयूसी (अवस्था असणं-नसणं वेगळं ओळखण्याची क्षमता; ०.५ म्हणजे नुसता योगायोग, १ म्हणजे अचूक) बहुधा ०.६५ ते ०.७५ च्या पट्ट्यात असतो, त्यामुळे ही परिस्थिती अपवाद नाही, नेहमीची आहे.

अवग्रह

सांख्यिक, या आकड्यांमुळे माझा मूळ मुद्दा उलट घट्टच होतो. इशारे शंभरात अठरा खरे असतील, तर कृती अशी हवी की चुकीच्या वेळी झाली तरी नुकसान होऊ नये. 'तू वैतागला आहेस' असं भावनेचं नाव ट्यूटरने कधीच घेऊ नये. चूक कुठे आहे ते दाखवणारी एक ओळ मग्न मुलालाही त्रास देत नाही, तो ती वाचतो किंवा सोडून देतो. शक्यता कमी असेल तिथे मदतीची सूचना कडेला शांतपणे दिसावी. पडदा अडवणारी चौकट नको.

सांख्यिक

सहमत. इशाऱ्यांना लगाम घालायची पद्धतही लिहून ठेवतो. दर २० सेकंदांनी अंदाज येतो असं धरा. एका खिडकीवर हालू नये. गेल्या तीनपैकी दोन खिडक्यांत वैतागाची शक्यता ०.६ च्या वर असेल तरच कृती. अवस्था संपली असं मानण्यासाठी उंबरठा वेगळा आणि खालचा, ०.४. नाहीतर ०.५९ आणि ०.६१ मध्ये हेलकावे खात ट्यूटर चालू-बंद होत राहतो. एकदा बोलल्यावर पाच मिनिटं मौन. हे आकडे सुरुवातीचे आहेत, आपल्या लॉगवर ते बदलून बघावेत.

इथे एक सापळा आहे. दुर्मीळ वर्ग वाढवण्यासाठी ट्रेनिंगमध्ये वैतागाच्या नोंदी दुप्पट-चौपट करतात. त्यामुळे मॉडेलचे आकडे फुगतात आणि ०.६ ला काही अर्थ उरत नाही. नोंदी वाढवायच्या तर फक्त ट्रेनिंगच्या भागात, चाचणीच्या भागात कधीच नाही, आणि शेवटी मूळ प्रमाणावर शक्यता पुन्हा जुळवून घ्यायच्या. तसंच चाचणीसाठी डेटा फोडताना नोंदींनुसार फोडू नये, विद्यार्थ्यांनुसार फोडावा. एकाच मुलाच्या काही नोंदी इकडे, काही तिकडे गेल्या तर मॉडेल त्या मुलाची लकब पाठ करतं आणि निकाल खोटा चांगला येतो.

लोकसमूह बदलला तरी हेच होतं. २०१४ मध्ये असिस्टमेंट्स या गणिताच्या ऑनलाइन प्रणालीवर शहरी, उपनगरी आणि ग्रामीण विद्यार्थ्यांचे डिटेक्टर ताडून पाहिले गेले. एका गटावर शिकवलेला डिटेक्टर दुसरीकडे, विशेषतः ग्रामीण गटात, नीट चालला नाही. दुसरीकडून उचललेला डिटेक्टर आपल्याकडे लावण्याआधी निदान काही शे नोंदी आपल्या मुलांच्या घ्याव्यात.

दिवाकण

मनगटी सेन्सरबद्दल कोणी बोललं नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट शाखेत बेव्हर्ली वुल्फ आणि आयव्हन अरोयो यांच्या चमूने वेयांग आउटपोस्ट या गणिताच्या ट्यूटरला चार सेन्सर जोडले होते: कॅमेरा, दाब मोजणारा माउस, बसण्याची ढब मोजणारी खुर्ची आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजणारा पट्टा. ते काम २००९ च्या सुमाराचं आणि प्रत्यक्ष वर्गातलं आहे.

शून्यलब्धी

ते काम महत्त्वाचं आहे, आणि अमुक अवस्था मोजता येते हे त्याने दाखवलं. पण त्वचेची वाहकता फक्त उत्तेजना सांगते, तिची दिशा सांगत नाही. उत्तर सापडल्याचा आनंद आणि पाचव्यांदा चुकल्याचा संताप, दोन्हींचा शिखरबिंदू सारखाच. शिवाय प्रतिसाद घटनेनंतर एक ते तीन सेकंद उशिरा येतो, म्हणून खिडकी तेवढी पुढे सरकवावी लागते. टाइप करताना मनगट हललं की खोटी शिखरं उठतात. प्रयोगशाळेत ठीक, तीस मुलांच्या वर्गात पट्टे चार्ज करणं, घट्ट बांधणं आणि घड्याळं जुळवणं यातच तास संपतो.

घड्याळांवरून आठवण. निरीक्षकाच्या फोनची वेळ आणि सर्व्हरची वेळ यात ३० सेकंदांचा फरक असेल, तर २० सेकंदांच्या प्रत्येक खिडकीला शेजारचं लेबल चिकटतं. एयूसी ०.५ च्या आसपास घुटमळत असेल तर मॉडेल बदलण्याआधी हे तपासा. दोन्ही यंत्रं एकाच टाइम सर्व्हरशी जोडावीत आणि तास सुरू होताना निरीक्षकाने ट्यूटरमध्ये एक खुणेची कळ दाबावी, म्हणजे नंतर फरक मोजता येतो.

पाटीपेन्सिल

ट्यूटर बोलतो काय, याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'काळजी करू नकोस, तू खूप हुशार आहेस!' हे वाक्य तीन कारणांनी वाईट. काळजीचा उल्लेख ट्यूटरनेच केला. हुशारीचा शिक्का मारला, त्यामुळे पुढची चूक म्हणजे हुशारी कमी असल्याचा पुरावा ठरते. आणि गणिताबद्दल एक अक्षर नाही. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या मुलासाठी असं म्हणता येईल: 'छेद वेगळे असताना वरचे आकडे थेट मिळवले आहेस. चतुर्थांश आणि षष्ठांश हे तुकडे सारख्या आकाराचे आहेत का?' यात सहानुभूतीचा शब्द नाही, पण मुलाला कळतं की आपलं काम कोणीतरी नीट बघितलंय. दुसऱ्या मुलाला काही बोलायचंच असेल तर बरोबर उत्तरानंतर: 'छेद १२ हा तू स्वतः काढलास. मग अंशही त्याच पटीत बदलावे लागले.' घडलेलं नेमकं सांगितलं की तीच शाबासकी.

सहानुभूतीचा फायदा सरसकट नाही हेही दिसलं आहे. ऑटोट्यूटरच्या भावनांना प्रतिसाद देणाऱ्या आवृत्तीत आधार देणाऱ्या बोलण्याचा लाभ कमी पूर्वज्ञान असलेल्यांना झाला, तोही दुसऱ्या सत्रात. ज्यांना विषय बऱ्यापैकी येत होता त्यांना झाला नाही. म्हणून पहिल्या काही मिनिटांत, मूल अजून काही चुकलेलंही नसताना, धीर देणारी वाक्यं टाकू नयेत. संदेश दोन वाक्यांपेक्षा मोठा नको, आणि तेच वाक्य एका सत्रात दुसऱ्यांदा नको. प्रत्येक अवस्थेसाठी निदान आठ-दहा पर्याय लिहून ठेवावेत. 'छान!' चौथ्यांदा आलं की मुलं चौकट न वाचता बंद करायला शिकतात, आणि मग खरी हिंटही वाचत नाहीत.

कंटाळ्याबद्दल: २०१० मध्ये बेकर, डिमेलो, रॉड्रिगो आणि ग्रेसर यांनी तीन वेगवेगळ्या शिक्षणप्रणालींतल्या नोंदी ताडून पाहिल्या. कंटाळा सर्वांत चिवट निघाला आणि चकवण्याच्या वागणुकीशी त्याचं नातं दिसलं. वैताग त्या मानाने लवकर ओसरतो. त्यामुळे मनुष्यबळ कमी असेल तर आधी कंटाळ्यावर काम करा. इथे गोड बोलणं उपयोगी नाही, उदाहरण बदलावं लागतं. बेक आणि गाँग यांनी २०१३ मध्ये मांडलेला साधा निकष कामाचा आहे: दहा उदाहरणं झाली तरी लागोपाठ तीन बरोबर येत नसतील, तर चाक जागीच फिरतंय. अकरावं तसंच उदाहरण देऊ नका, मागच्या कौशल्यावर न्या किंवा शिक्षकाला कळवा.

लेखणीधर

आता तर भाषिक मॉडेललाच विचारता येतं. विद्यार्थी 'मला नाही जमत हे' असं लिहितो, मॉडेलला भावना आपोआप कळते. मग हा सगळा खटाटोप कशाला?

शून्यलब्धी

लेखणीधर, भावना कळते, पण मॉडेलची ओढ समोरच्याला बरं वाटावं याकडे असते. 'नाही जमत' असं दोनदा लिहिलं की ते दिलासा देतं आणि त्याच दमात उत्तरही देऊन टाकतं. मुलांना हे दोन दिवसांत कळतं, मग 'नाही जमत' हे चौथ्या हिंटचं बटण होतं.

म्हणून निर्णय आणि शब्द वेगळे ठेवा. अवस्थेचा अंदाज लॉगवरून. हिंटची पातळी ठरवणार लहानसे लिखित नियम. भाषिक मॉडेलकडे फक्त शब्दांचं काम: कुठली पायरी चुकली, किती पातळीपर्यंत सांगायची परवानगी आहे, दोन वाक्यांची मर्यादा, भावनेचं नाव घेऊ नये. बाहेर पडणारं वाक्य दाखवण्याआधी तपासा. त्यात ११/१२ आहे का, २२/२४ सारखं समान रूप आहे का, 'अकरा छेद बारा' असं अक्षरी आहे का. नुसतं अक्षराला अक्षर जुळवून ही शेवटची दोन सापडत नाहीत. आकडे काढून किंमत ताडून बघावी लागते. आणि बरोबर उत्तर मॉडेलला देऊच नका, चुकीच्या पायरीचं निदान द्या. ते स्वतः गणित करून उत्तर काढू शकतं, तरी गळती कमी होते.

एक गोष्ट या सगळ्याच्या बाहेर ठेवावी. विद्यार्थ्याने स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा घरच्या मारहाणीबद्दल लिहिलं, तर तो ट्यूटरच्या अवस्थांचा विषय नाही. तिथे धडा थांबवून जबाबदार माणसाकडे नेणारी वेगळी वाट पहिल्या दिवसापासून बांधलेली हवी.

दिवाकण

कायद्याचा मुद्दा जोडतो, कारण तो कॅमेऱ्याच्या वादाचा निकाल अर्धा लावून टाकतो. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने शिक्षणसंस्थांमध्ये आणि कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली आहे. ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा अपवाद आहे. व्याख्या बायोमेट्रिक डेटावर आधारलेली आहे, म्हणजे चेहरा, आवाज, नाडी. उत्तरांचा क्रम आणि हिंटचा वापर यांवरून काढलेला अंदाज त्या व्याख्येत बसत नाही. मात्र टाइप करण्याच्या लकबीवरून भावना काढायला गेलात तर तीही बायोमेट्रिकमध्ये मोडते. शून्यलब्धींच्या यादीतलं 'खोडण्याचं प्रमाण' ठीक, पण दोन कळांमधले मिलिसेकंद मोजायला लागलात तर सांभाळून.

अवग्रह

उपयोगी माहिती. शेवटचा प्रश्न मूल्यमापनाचा. साधा प्रयोग असा असतो: अर्ध्या मुलांना भावना ओळखणारा ट्यूटर, अर्ध्यांना नाही. फरक दिसला तर तो ओळखण्यामुळे की नुसत्या जादा संदेशांमुळे?

सांख्यिक

म्हणून तीन गट लागतात. पहिल्याला काहीच नाही. दुसऱ्याला अवस्थेनुसार संदेश. तिसऱ्यातल्या प्रत्येक मुलाची दुसऱ्या गटातल्या एकाशी जोडी लावायची आणि त्याला तेवढेच, तेच संदेश, पण वेळ चिठ्ठी टाकून ठरवलेली. दुसरा गट तिसऱ्याला मागे टाकत नसेल, तर डिटेक्टर काही भर घालत नाही. अशा वेळी डिटेक्टर काढून टाकावा आणि संदेश ठेवावेत.

वाटप वर्गाच्या आत करा. अख्खा एक वर्ग एका गटात टाकला तर शिक्षकाचा फरक आणि ट्यूटरचा फरक वेगळा काढता येत नाही. संख्या: परिणामाचा आकार ०.३ प्रमाण विचलन अपेक्षित असेल, तर ५ टक्के पातळी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्यासाठी (खरा फरक सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे १७५ जण. ०.२ अपेक्षित असेल तर सुमारे ३९४. कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११ च्या आढाव्यात पायरीपायरीने मदत करणाऱ्या ट्यूटरांचा एकूण परिणाम ०.७६ आणि मानवी शिकवणीचा ०.७९ निघाला होता. म्हणजे चांगल्या ट्यूटरवर भावनांची भर घालून वर सरकायला जागा फार नाही, लहान परिणामाचीच तयारी ठेवावी.

'तुला ट्यूटर आवडला का' हे मुख्य मोजमाप ठेवू नका. गोंधळात राहू देणारा ट्यूटर कमी आवडतो. आधीची चाचणी, लगेचची चाचणी आणि आठवड्याने पुन्हा, अनोळखी उदाहरणांसह. सोबत प्रत्येक संदेशानंतरच्या दोन मिनिटांचा लॉग: पुढचा प्रयत्न बदलला का, की चौकट दोन सेकंदांच्या आत बंद झाली.

पाटीपेन्सिल

त्या दोन सेकंदांना संदेशाच्या लांबीने भागा. पाच शब्दांची ओळ दोन सेकंदांत वाचून होते, वीस शब्दांची नाही.

सांख्यिक

बरोबर, ते सुधारतो. प्रति शब्द पाव सेकंद ही किमान मर्यादा धरून सुरुवात करावी, आणि सावकाश वाचणाऱ्यांसाठी ज्याच्या त्याच्या वाचनाच्या वेगावरून ती बदलावी. हिंटवर घालवलेल्या वेळातून तो वेग पहिल्या दहा मिनिटांत मिळतो.